फरशीच्या त्रेचाळीस पेट्या

फरशीसाठी घराचे माप टेपने न घेता नवऱ्याला विचारून घ्यायचे, असे कार्त्यायनीने ठरवले, त्याला दोन कारणे होती. पहिले तिने सगळ्यांना सांगितले: गुडघे वाकत नाहीत. दुसरे तिने कोणालाच सांगितले नाही. गेल्या तीन वर्षांत वेलायुधन आशारींना कोणी काही विचारले नव्हते.

पट्टांबीपासून ओट्टप्पालमपर्यंत नदीच्या दोन्ही काठांवर ज्या सुताराच्या काठीच्या मापाने घरे उभी राहिली, ते हे आशारी. काचबिंदूने आधी उजवा डोळा नेला, मग डावा. तेव्हापासून ओट्यावरची वेताची खुर्ची हेच त्यांचे घर झाले होते. कार्त्यायनी त्यांना दिवसातून चार वेळा डोळ्यांत औषध घाली, दोन वेळा तांदळाची कांजी भरवण्यासाठी त्यांच्याशी भांडे, एकदा विहिरीपाशी नेऊन आंघोळ घाली. उरलेल्या वेळात ती घर चालवी. सहासष्टाव्या वर्षी माणसाला जेवढे थकणे परवडते, त्याहून ती बरीच अधिक थकली होती. पण थकल्याचे बोलून दाखवणे तिच्या माहेरच्या रीतीत बसत नव्हते.

घराची जुनी लाल जमीन घोटून घोटून आरशासारखी केलेली होती. दोनदा नदी आत येऊन गेली, खालची माती बसली, आणि पुढच्या खोलीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत एक भेग धावली. ऐन पावसाच्या कर्किटक महिन्यात आशारींच्या पायाचा अंगठा तिच्यात अडकला. ते पडले, मनगट मोडले. कोइंबतूरहून मुलगा रतीश धावत आला. प्लास्टर होईपर्यंत दोन दिवस राहिला, आणि त्या दोन दिवसांत अच्छनांनी, म्हणजे बापाने, त्याला पाच वेळा विचारले, "आपण जेवलो का रे?"

परत जाताना बसच्या थांब्यावर तो आईला म्हणाला, "अम्मा, फरशी घालायला माझी ना नाही. पैसे मीच देणार आहे. पण अच्छनांचं डोकंच जायला लागलं असेल, तर नवी फरशी कोणासाठी? घर बंद करा, माझ्याकडे या दोघं. लिफ्ट आहे, दवाखाना खाली आहे."

"डोकं शाबूत आहे त्यांचं."

"मग बघ एकदा नीट. त्यांना काय काय आठवतंय ते बघ, आणि मला खरं सांग. नवऱ्याची बाजू घेऊन सांगू नकोस."

तेव्हा माप विचारण्यात हीसुद्धा एक परीक्षा दडलेली होती. कार्त्यायनीला ते ठाऊक होते, आणि ते ठाऊक असल्याची तिला लाजही वाटत होती.

सकाळी औषध घालून झाल्यावर तिने सहज विचारल्यासारखे विचारले, "अहो, पुढच्या खोलीचं माप किती?"

"का? घर विकायला काढलंस?"

"फरशी घालायचीय. मोइदूच्या दुकानात आकडा द्यायचाय."

"मग टेप धर. टेप काय मेलीय?"

"टेप धडधाकट आहे. माझे गुडघे मेलेत."

आशारींचा प्लास्टर नसलेला हात खुर्चीच्या दांडीवर हळूहळू पुढे सरकू लागला. एक वीत, थांबणे, पुन्हा एक वीत. नंतर ते म्हणाले, "लिही. सात कोल, चार अंगुळं. रुंदीला पाच कोल, आठ अंगुळं. लिहिलंस? आपली निजायची खोली, पाच कोल आठ, आणि चार कोल सोळा. रतीशची, चार सोळा, चार आठ. स्वयंपाकघर चार सोळा, आणि नेमके चार. बोळ सहा कोल, दोन कोल. बोळाला वरची अंगुळं नाहीत."

एकदाही ते अडखळले नाहीत. कॅलेंडरच्या पानामागे लिहिताना कार्त्यायनीचाच हात मागे पडला. सत्तेचाळीस वर्षे ती आशारींच्या लाकडाच्या ऑर्डरी लिहीत आली होती. कोल म्हणजे सुताराची चोवीस अंगुळांची काठी, अंगुळ म्हणजे तीन सेंटीमीटर, कोल म्हणजे बहात्तर, हे तिला झोपेतून उठवून विचारले असते तरी सांगता आले असते. तिने सगळ्याचे सेंटीमीटर केले, छत्री घेतली, आणि बस पकडून पट्टांबीला गेली.

मोइदूचे दुकान चकचकीत होते. उभ्या करून ठेवलेल्या फरशांत छतावरचे दिवे दिसत होते. मोइदूने लगबगीने खुर्ची दिली, काळा चहा मागवला. त्याच्या वडिलांच्या घराची दारे आशारींनी केलेली होती.

"ही बघा अम्मा, दुबईवाल्यांची आवडती. पावसाळ्यातसुद्धा घरात चंद्र पडल्यासारखं वाटतं."

"पाणी आण."

"प्यायला?"

"फरशीवर ओतायला."

मोइदूने बाटली दिली. तिने चप्पल काढली, चंद्र पडलेल्या फरशीवर पाणी ओतले, तळवा टेकवला आणि पुढे रेटला. पाय असा सुळकन गेला की तिला काउंटर धरावे लागले.

"चंद्रावर चालायला माणसाला डोळे लागतात," ती म्हणाली. "खरखरीत दाखव."

चौथ्या फरशीवर पाय थांबला. विटकरी रंग, जुन्या जमिनीच्या बराचसा जवळचा. मोइदू हसला. "रंगाचं एवढं कशाला बघता, अम्मा? आशारींना काय दिसणार आहे?"

"मला दिसतंय ना? की मलाही आंधळ्यांत काढलंस?"

मोइदूने जीभ चावली. कागद घेऊन त्याने आकडे यंत्रावर ठोकले. दोन फुटी फरशी, एका पेटीत चार. तूट-फूट धरून त्रेचाळीस पेट्या. "या लॉटच्या माझ्याकडे सत्तेचाळीस आहेत. ह्यानंतरच्या लॉटचा रंग वेगळा येईल, मी खोटं सांगणार नाही. आणि शोरणूरचे एक डॉक्टर उरलेल्या सगळ्या उचलायला उद्या दुपारी टेंपो पाठवतायत. मागाहून एक पेटी हवी म्हणालात तर मी माझं डोकंच देऊ शकेन. टेपने मोजलंय ना?"

"आशारींनी सांगितलंय."

मोइदूचे बोट यंत्रावर थबकले. तो वेळ काढत पेन पुसू लागला. मग हळू आवाजात म्हणाला, "रागावू नका, अम्मा. ओणमच्या आधी मी तुमच्या घरावरून गेलो ना, तेव्हा त्यांनी हाक मारून विचारलं, तुझे वाप्पा कसे आहेत? मी म्हटलं, बरे आहेत. काय म्हणणार? थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. वाप्पांना जाऊन अकरा वर्षं झाली. दफनाला आशारी स्वतः आले होते."

कार्त्यायनीने चहाचा ग्लास खाली ठेवला. "आजवर टेपा त्यांच्याकडून तपासून घ्यायचे लोक," ती म्हणाली.

"ते खरंच. पण उद्या बाराच्या आत एकदा फोन करा. तोवर सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस मी कोणाला हात लावू देणार नाही."

परतीच्या बसमध्ये तिने छत्री मांडीवर आडवी धरली होती आणि तिच्या नकळत तिची बोटे छत्रीवर वीत मोजत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळची कांजी झाल्यावर आशारींना खुर्चीतच डुलकी लागली. कार्त्यायनीने त्यांच्या पेटीतून टेप काढली. टेपचे टोक भिंतीशी धरायला कोणी नव्हते, म्हणून तिने वरवंटा आणला, टोक त्याच्याखाली दाबले आणि दुसऱ्या भिंतीपर्यंत गेली. वाकायचे म्हणजे आधी हात भिंतीला, मग एक गुडघा, मग दुसरा. आणि उठताना तेच सारे उलट. पुढच्या खोलीला तिला पाव तास लागला.

पाचशे सदतीस. कागदावर होते पाचशे सोळा.

टेप वाकडी गेली असेल असे मनाशी म्हणून तिने वरवंटा सरळ केला आणि पुन्हा मोजले. पाचशे सदतीस. रुंदी तीनशे चौऱ्याऐंशी हवी होती, ती निघाली तीनशे नव्व्याण्णव. निजायच्या खोलीत चूक, रतीशच्या खोलीत चूक. स्वयंपाकघरात पोहोचेपर्यंत तिने चूक शोधायचे सोडले होते; ती नुसते आकडे मांडत गेली, मयताच्या सामानाची यादी करावी तशी. बोळ शेवटचा. चारशे बत्तीसच्या जागी चारशे पन्नास.

मग ती बोळातच भिंतीला पाठ टेकून बसून राहिली. उठायला जमेना म्हणूनही, आणि उठून जायचे कुठे म्हणूनही.

ज्या माणसाने हे घर स्वतःच्या हाताने उभे केले, त्याला त्याच्या एकाही खोलीचे माप आठवत नव्हते. आणि किती ठामपणे सांगत होता! जेवलो का हे विसरणे वेगळे. जेवण रोजचे असते, कालचे आजच्यात मिसळते. पण माप? हाच तर माणूस होता. हेच गेले असेल, तर खुर्चीत बसलेले ते काय उरले आहे?

आणि तेव्हा एक विचार आला, ज्याबद्दल पुढे तिने कधी देवापाशीही तोंड उघडले नाही. बरे झाले, असे तिला वाटले. आता रतीशला खरे सांगता येईल. घराला कुलूप लागेल. कोइंबतूरच्या त्या चौथ्या मजल्यावर सून चहा आणून देईल, औषधाच्या वेळा कोणी दुसरे लक्षात ठेवील, विहीर नाही, भेग नाही, फरशी निवडायची नाही, पेट्या मोजायच्या नाहीत. ती नुसती बसेल. सत्तेचाळीस वर्षांत ती नुसती अशी कधी बसलीच नव्हती. तो विचार तिला तापात कपाळावर ठेवलेल्या ओल्या फडक्यासारखा लागला, आणि ती थोडा वेळ डोळे मिटून त्याच्याखाली पडून राहिली.

अकराचे टोले पडले. बाराच्या आत मोइदूला कळवायचे होते, फरशी नको म्हणून तरी कळवायला हवेच होते. ऑर्डरी लिहिणाऱ्या बाईला अर्धवट कागद हातात घेऊन फोनपाशी जाणे जमण्यासारखे नव्हते. तिने पेन्सिलीने प्रत्येक मापासमोर फरक लिहून काढला. एकवीस. पंधरा. पंधरा. बारा. बारा. बारा. स्वयंपाकघर, पुन्हा बारा आणि बारा. बोळ, अठरा आणि सहा.

हे काही विसरणाऱ्या माणसाचे आकडे दिसेनात. विसरणारा कधी जास्त सांगेल, कधी कमी. एखादे चुकून बरोबरही सांगेल. इथे प्रत्येक भिंत सांगितल्यापेक्षा लांब होती, आणि प्रत्येक फरकाला तीनाने भाग जात होता. तिने भागले. सात अंगुळं. पाच. पाच. चार. मग तिची नजर डावीकडे, आशारींनी सांगितलेल्या कोलांकडे गेली. सात कोलांची भिंत, सात अंगुळांची चूक. पाच कोलांना पाच. चारांना चार. बोळ सहा कोल, सहा अंगुळं. दोन कोल, दोन अंगुळं.

दर कोलामागे एक अंगुळ. ना कमी, ना जास्त.

ती कशी उठली ते तिला कळले नाही. ओट्यावर जाऊन तिने आशारींच्या खांद्याला हात लावला.

"कोण?"

"मीच. दुसरं कोण येणार आहे? अहो, हे घर कोणत्या काठीने बांधलंत?"

आशारींनी तोंड फिरवले. आंधळ्या माणसाने तोंड फिरवले की ते फार लांब गेल्यासारखे वाटते. "आता कशाला हवंय ते?"

"मला हवंय. तुमची काठी चोवीस अंगुळांची. ही कोणती होती?"

"तुझ्या बापाची," आशारी म्हणाले. "पंचवीसची."

कार्त्यायनी ओट्याच्या कडेला बसली.

"तुला माहीत नाही होय? तुझ्याच माहेरची काठी! तुझ्या आज्यापासून त्यांच्या घराण्यात पंचवीसचा कोल चालायचा. जमीन दिली, तशी जमिनीबरोबर काठीही दिली. म्हणाले, माझ्या मुलीचं घर माझ्या मापाने उभं राहील. रोज इथे येऊन आंब्याखाली बसायचे, मी नीट मोजतो की नाही बघायला. लोकांच्या घरांना माझी काठी, आणि स्वतःच्या घराला सासऱ्याची. हे काय मी गावभर सांगत फिरायचं होतं?"

"मला तरी सांगायचंत."

"तुला सांगणं म्हणजे गावाला सांगणंच की. आणि तू विचारलंस किती कोल. कोणाचा कोल, हे कुठे विचारलंस? मला वाटलं, बापाची मुलगी आहे, हिला एवढं ठाऊक असेल." एकदम त्यांचा आवाज चढला. "थांब. तू काय चोवीसने हिशेब केलास? दुकानात देऊन आलीस?"

"देऊन आले."

"सुताराच्या घरात जन्मलीस, सुताराच्या घरात आलीस, आणि भिंतीला काठी न लावता ऑर्डर देतेस! अर्धा बोळ उघडा राहिला असता. लोक म्हणाले असते, आशारीला म्हातारचळ लागला."

"म्हणतच होते," कार्त्यायनी म्हणाली, पण ते अगदी हळू, स्वतःपुरते.

काठी शोधावी लागली नाही. स्वयंपाकघरातल्या उंच फळीवरचा पापडांचा डबा पुढे ओढायला ती जी काठी वर्षानुवर्षे वापरत होती, तीच ती. तेलाने आणि धुराने काळी झालेली. तिने पदराने पुसली तशा खुणा वर आल्या. तिने त्या नखाने मोजल्या. पंचवीस.

काठी हातात येताच आशारींनी ती नाकाशी नेली. "पापडांचा वास का येतोय?"

"फळीवर होती," ती म्हणाली. एवढे खोटे तिने स्वतःला माफ केले.

मग तिने नवा हिशेब केला, पंचवीसने, आणि टेपच्या आकड्यांशी ताडून पाहिला. सारे एका सेंटीमीटरचीही तफावत न पडता जुळले. बाराला वीस मिनिटे होती. तिने फोन लावला.

"मोइदू, सेहेचाळीस पेट्या."

"काल त्रेचाळीस होत्या, अम्मा."

"काल मी सांगितल्या होत्या. आज आशारी सांगतायत."

पलीकडे मोइदू हसला. मनापासून हसला, हे तिला ऐकू आले. "एकच उरतेय, तीही तुम्हीच ठेवा. डॉक्टर एका पेटीचं काय करणार? आणि भिंतीच्या कडेला त्याच फरशीची पट्टी लावायची ना? त्याच्या वेगळ्या..."

"पट्टी नाही!" ओट्यावरून आशारी ओरडले. त्यांचे कान डोळ्यांचेही काम करत. "त्याला सांग, पट्टी लावली की खोली चारी बाजूंनी आत येते. मापशास्त्रात घेरावरून घराचं वय ठरतं; या घराचा घेर मी तारुण्यात बसवलाय. चार-पाच अंगुळं खाल्लीस की वार्धक्यात पडेल, आणखी थोडी खाल्लीस की थेट मरणात!"

"ऐकलंस ना?" कार्त्यायनी फोनमध्ये म्हणाली.

"ऐकलं. घर तरुण राहू दे, अम्मा. पट्टी रद्द."

तिने मग रतीशला फोन लावला. तो कामात होता. तिने थोडक्यातच सांगितले. फरशी घ्यायची ठरली आहे, परवा येईल, पैसे मोइदूला पाठव.

"आणि अच्छन? तू बघते म्हणाली होतीस."

"बघितलं. तुझ्या बापाला या घराचं अंगुळ नि अंगुळ आठवतंय. चूक माझी झाली होती, मी चुकीच्या काठीने मोजत होते."

"आणि जेवणाचं? तेच तेच विचारणं?"

नवऱ्याची बाजू घेऊन सांगू नकोस, असे तो म्हणाला होता. "ते आहे," ती म्हणाली. "ते राहणार. मोइदूच्या मेलेल्या बापाचीही चौकशी करतात. पण या घराची भिंत नि भिंत त्यांना ठाऊक आहे. तुझ्या चौथ्या मजल्यावर त्यांच्याजवळ काय राहील, रतीशा? तिथली एक तरी भिंत त्यांच्या ओळखीची आहे का?"

मुलगा म्हणाला, "आणि तुझं काय, अम्मा?"

ओले फडके तिला पुन्हा एकदा आठवले. "माझं काय," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

आत काठीचा आवाज येत होता. टक्, सरकणे, टक्. तीन वर्षांत पहिल्यांदा आशारी कोणाचा हात न धरता खुर्चीतून उठले होते. प्लास्टरचा हात छातीशी धरून, डाव्या हाताने काठी जमिनीलगत भिंतीवर टेकवत ते पुढच्या खोलीची भिंत मोजत होते. पाचव्या कोलाला ते थांबले. पाऊल उचलून त्यांनी भेगेपलीकडे ठेवले, आणि तिला शिवीही दिली.

"सात कोल, चार अंगुळं," कोपऱ्यातून ते म्हणाले. "लिहिलंस का?"

"लिहिलं."

"मग उभी का? रुंदीला ये, टोक धर. एका हाताने किती करू मी?"

कार्त्यायनीने हात भिंतीला लावला, आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा. माप जुळले आहे, पेट्या सांगून झाल्या आहेत, हे तिने त्यांना सांगितले नाही. अजून चार खोल्या उरल्या होत्या, आणि चारही खोल्यांत तिला असेच खाली बसून पुन्हा उठावे लागणार होते.

तिसऱ्या कोलावर आशारींचा हात थांबला. "कार्त्यायनी, आपण जेवलो का गं?"

"नाही अजून," ती म्हणाली. आज ते खरेच होते.

"मग सकाळपासून करतेयस तरी काय?" आशारी म्हणाले, आणि काठी पुढे सरकवली.